अकरा मतांनी

मंदाकिनी सोवनी सव्वीस वर्षं इंग्लंडमधल्या एका छोट्या गावात बाळंतपणं करणाऱ्या नर्स होत्या. नवरा गेल्यावर मुलगा विक्रांत त्यांना सिंगापूरला, पाया लेबारच्या आपल्या फ्लॅटमध्ये घेऊन आला. मुलगा-सून ऑफिसला गेले की दिवसभर त्या एकट्याच असायच्या.

२०१६ साली त्यांच्या जुन्या गावात खासदारकीची पोटनिवडणूक लागली. तिथल्या हॉस्पिटलचा प्रसूती विभाग बंद व्हायचा होता आणि सगळी निवडणूक त्यावरच तापली होती. मंदाकिनीबाई ब्रिटिश नागरिक असल्यानं परदेशात राहूनही त्यांचा तिथला मताचा हक्क अजून शाबूत होता. गावातली मैत्रीण मॉरीन आपल्या वतीनं मत देईल, असा अर्ज त्यांनी करून टाकला.

"आई, तुझ्या एका मतानं काय होणार आहे?" विक्रांत म्हणाला.

"त्या वॉर्डात मी हजारभर मुलं या हातांवर घेतलीत," एवढंच त्या बोलल्या.

शुक्रवारी दुपारी मॉरीनचा फोन आला. दोनदा मोजणी होऊन, वॉर्ड वाचवायला उभी राहिलेली बाई अकरा मतांनी निवडून आली होती.

त्यांनी लगेच विक्रांतला फोन लावला. "मीटिंगमध्ये आहे, संध्याकाळी बोलू," तो म्हणाला. सुनेनं उचललाच नाही.

मग त्या खाली हॉकर सेंटरमध्ये, खाण्यापिण्याच्या स्टॉलच्या मंडईत गेल्या. "आम्ही जिंकलो," त्यांनी चहाच्या स्टॉलवरच्या चिनी बाईला इंग्रजीत सांगितलं.

"लॉटरी?" तिनं हसून विचारलं.

मंदाकिनीबाई वॉर्डाबद्दल सांगू लागल्या, तेवढ्यात मागे रांग वाढली. चहा घेऊन त्या बाजूला झाल्या आणि गर्दी ओसरायची वाट बघत उभ्या राहिल्या.