मुठीत काय होतं

माझी वहिनी महादेवी फार कमी बोलायची. जळकोटच्या आमच्या घरात बोलण्याचा मक्ता माझ्याकडं, म्हणजे हणमंतप्पाकडं. सगळ्यांचं ऐकून घेऊन शेवटी स्वतःला पटेल तेच करण्याचा मक्ता तिच्याकडं. माझ्या थोरल्या भावाला, शांतलिंगअण्णाला, निजामाच्या पोलिसांनी घरात घुसून मारलं तेव्हा घरात ती एकटीच होती. निजामी संपली, एकोणपन्नास साली खटला उभा राहिला, आणि त्याचा सगळा भार या न बोलणाऱ्या बाईवर येऊन पडला.

पोलीस खरं तर मला धरायला आले होते. मी सरहद्दीपलीकडं, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या कॅम्पावर होतो. अण्णा सकाळच्या पूजेला बसला होता. आम्हा लिंगायतांत गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजतात, आणि पूजा पुरी होईपर्यंत माणूस बोलत नाही की उठत नाही. अमीन, म्हणजे तेव्हाचा फौजदार, दारातनं ओरडला, "हाथ खोल!" परक्याचा हात लिंगाला लागू नये म्हणून अण्णानं उलट मूठ घट्ट आवळली. छातीत दोन गोळ्या बसल्या. कुऱ्हाड घेऊन अंगावर आला म्हणून मारला, असं अमीनानं लिहून ठेवलं.

मला त्या माणसाला फासावर बघायचं होतं. दुसरं काही नको होतं.

आमचे वकील तात्या. मूळचे तुळजापूरचे, वकिली धाराशिवात. माणूस हुशार, पण समोरच्याचं वाक्य कधी पुरं होऊ देईल तर शपथ.

"कुऱ्हाडीची थाप टिकणार नाही," ते म्हणाले. "तुमच्या गावचा बब्रुवान पंचनाम्याला पंच होता. तेव्हा धाकानं अंगठा दिला. आता सांगतोय, कुऱ्हाड शिपायानं मागनं गोठ्यातनं आणून ठेवली. म्हणजे स्वतःच्या बचावाचा मुद्दा गेला. राहिला इरादा. बसलेल्या, निःशस्त्र माणसावर गोळ्या झाडल्या, तर खून. फाशी, नाहीतर जन्मठेप."

"गोळी झाडायच्या आधी शिपाई वरडला," वहिनी म्हणाली. "सायेब, हाथ में बम है, म्हणाला."

तात्यांचा चेहराच उतरला. त्या दिवसांत कॅम्पावरची पोरं हातबॉम्ब बाळगत, हे पोलिसांना ठाऊक होतं. काळं लिंग मुठीतनं अर्धंमुर्धं दिसलेलं.

"बाई, हे पुन्हा बोलू नका. घाबरून, बॉम्ब समजून मारला असं ठरलं, तर खुनाचं कलम उतरतं. चार-पाच वर्षांत सुटून येईल तो."

"पण तात्या, त्याच्याम्होरं..."

"पुढं नाही, मागं नाही. विचारतील तेवढंच सांगायचं."

मीही तिला परतताना बजावलं. गाडीत ती बाहेर बघत बसली. तिच्या गप्प बसण्याची मला नेहमीच धास्ती वाटायची.

कोर्टात बब्रुवानानं सरळ जबानी दिली आणि कुऱ्हाड निकालात निघाली. अमीनाचा वकील कसलेला होता. त्यानं तिथल्या तिथं पवित्रा बदलला. वहिनी शपथ घेऊन उभी राहिली, तसा तो गोड आवाजात म्हणाला, "बाई, पहिल्या गोळीआधी शिपाई काही ओरडला का?"

तात्यांनी मान खाली घातली. नाही म्हण, मी मनात म्हणत होतो. एक शब्द आहे, म्हणून टाक.

वहिनीनं गळ्यातल्या लिंगाच्या करडीवर, त्या चांदीच्या डबीवर, हात ठेवला. "व्हय. हातात बम हाय, म्हणून वरडला."

वकिलानं न्यायाधीशांकडं बघून हात पसरले. अमीन पहिल्यांदाच ताठ बसला. माझ्या तोंडून वहिनीसाठी शिवी निघता निघता राहिली.

"बस, बाई. जा तुम्ही," अमीनाचा वकील म्हणाला.

"माजं सांगून झालं न्हाय," वहिनी म्हणाली. "तात्यानीबी मला बमाच्या म्होरं जाऊ दिलं न्हाय."

न्यायाधीशांनी मान हलवली. "बोला."

"पयल्या गोळीनं ते आडवं झालं. मूठ सुटली. लिंग घरंगळत अमीनसायबाच्या बुटापाशी गेलं. शिपाई म्हणाला, पत्थर है साब, बम नहीं. सायबानं वाकून बघितलं. ह्यांनी माज्याकडं बघून हात पसरला. मग सायबानं दुसरी घातली."

अमीनाचा वकील उसळून उठला. "दोन्ही गोळ्या एकापाठोपाठ झाल्या! किती वेळ होता मधे?"

वहिनीनं त्याच्याकडं नाही, अमीनाकडं बघितलं.

"म्या सायबाच्या पायापासनं लिंग उचललं. पदरानं पुसलं. ह्यांच्या हातावर ठिवलं आन् बोटं मिटून दिली. तेवढा वेळ होता."

अमीनावर खुनाचं कलम लागलं. तात्यांनी माझा खांदा दाबला. मला आनंद व्हायला हवा होता. पण आम्ही घरची माणसं इतके दिवस एकमेकांना सांगत आलो होतो, की अण्णा जागीच गेला, त्याला काही कळलं नाही. हे आम्ही वहिनीसमोरही म्हणायचो, आणि ती दर वेळी मान हलवायची.