साखळीवरचा कोट

लढाईनंतर लिलावात निघालेला लष्करी ट्रक घेऊन तो मंगरूळपीरच्या रस्त्यावर चिखलात फसलेल्या मोटारी साखळी लावून ओढायचा. त्या दिवशी आमची मोटार फसली होती आणि आत माझी बहीण बाळंतवेणांनी कण्हत होती. हा मात्र ट्रकच्या मागच्या दोनच चाकांचा जोर लावत होता.

"भाऊ, चारई चाकं लावा ना! भेता काय?" मी खेकसलो.

"भेतो. दोनानं चाकं नुसती फिरतेत. चारीनं साखळी तुटते, अन् तुटली का चाबकावानी मानसावर येते."

शेवटी त्यानं बाहेरच्या सगळ्यांना दूर बाभळीमागं पिटाळलं, साखळीवर एक जुना कोट अंथरला आणि चारही चाकं लावली. मोटार निघाली.

चिखल झटकून तो कोट घडी घालू लागला. मी विचारलं, "कोनाचा?"

"भावाचा. तो मेला तवा साखळी उघडीच होती."