जयमालाताई भिंत फोडतात

जयमालाताईंना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या एका नव्याकोऱ्या गाडीतून उतरत होत्या आणि उतरता उतरता मुकादमाला झापत होत्या. कारण इतकंच की मुकादम कमरेला चाव्यांचा जुडगा लटकवून गाडीला खेटून उभा राहिला होता. "घरी पोराला कडंवर घेताना बी आसाच जुडगा लावून घेता का?" असं त्या त्याला सगळ्यांदेखत विचारत होत्या. मुकादम बिचारा चार पावलं मागे सरला. मी औश्याहून नुकताच आलेलो, कामाचा पहिला दिवस. या बाईशी आपलं जमणार नाही, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

आणि मग माझी जोडी लावली ती त्यांच्याशीच.

चाकणला आमचं यार्ड आहे. कंपनीत तयार झालेल्या गाड्या तिथे रांगेने उभ्या राहतात आणि लांबलचक ट्रेलरवर चढून देशभर जातात. गाड्या ट्रेलरवर चढवायचं काम आमचं. जयमालाताई गाडी चालवतात, मी समोर उभा राहून त्यांना जागेवर घेतो. या कामात एकच कायदा, गाडीला ओरखडा पडता कामा नये. म्हणून हातात घड्याळ नाही, अंगठी नाही, पट्ट्याला बक्कल नाही. जयमालाताई गेटवरच बांगड्या काढून ठेवतात आणि मंगळसूत्र शर्टाच्या आत सारतात. आजवर त्यांच्या हातून एका गाडीला साधी रेघ उमटलेली नाही. हे मी कौतुकाने सांगत नाही, वैतागून सांगतो. कारण त्या ही गोष्ट भेटेल त्याला ऐकवतात. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलासुद्धा त्यांनी ती ऐकवली आहे आणि त्या बाईची जिलबी तशीच राहिली आहे.

मूळच्या त्या कुरुळीच्या. सासऱ्यांची जमीन कारखानदारीत गेली, त्या बदल्यात घरातल्या एकाला नोकरी मिळणार होती. नवऱ्याचा टेम्पोचा धंदा बरा चालला होता, त्याला शिफ्टची कटकट नको होती. सासरे यशवंतराव, म्हणजे आप्पा, घरात विचार करत बसले, तेव्हा सूनबाई म्हणाल्या, "मी जाती की." आप्पांनी विचारलं, तुला काय येतं? त्यांनी सांगितलं, ट्रॅक्टर येतो. ट्रॅक्टर आप्पांनीच हौसेने शिकवला होता, त्यामुळे त्यांना पुढे बोलायला तोंड राहिलं नाही.

तर अशा या बाईंच्या नशिबी एक टीव्हीचा कार्यक्रम आला.

गाड्यांवरचा कार्यक्रम होता. मला असले कार्यक्रम मुळीच आवडत नाहीत. सुरुवातीला दोन मिनिटं गाडी कशी चालते ते सांगतात आणि उरलेला वेळ गाड्यांचा चुराडा करतात. कधी कड्यावरून लोटतात, कधी वरून कंटेनर टाकतात. वर आव असा की हे सगळं चुकून झालं. कार्यक्रम सादर करणारी बाई डोक्याला हात लावते, "अगं बाई, हे काय झालं" म्हणते, आणि जे चुकून झालं ते टिपायला चारी बाजूंनी कॅमेरे आधीच लावलेले असतात. आम्ही जी वस्तू ओल्या बाळंतिणीसारखी जपतो, तिची ही थट्टा पाहिली की माझं डोकंच फिरतं.

त्या कार्यक्रमाचा दिग्दर्शक, कुलदीप नावाचा मुंबईचा तरुण, ट्रेलरचं चित्रीकरण करायला यार्डात आला होता. जयमालाताईंनी एक गाडी उलटी घेत ट्रेलरच्या वरच्या मजल्यावर नेऊन लावली, ती त्याने पाहिली आणि बघतच राहिला. मग चहा पिता पिता त्याने विषय काढला. कार्यक्रम सादर करणारी ती बाई, दिव्या, गाडी चालवते असं दिसतं, पण स्टंटच्या वेळी आत भलताच कोणी बसतो. आजवर मुंबईचा एक स्टंटवाला लांब केसांचा विग घालून बसायचा.

"बाप्या बसतो? विग घालून?" जयमालाताईंनी विचारलं.

"बाई मिळतच नाही ना, ताई. तुम्ही करून बघाल का? एक स्टंट करा. जमला, तर या वर्षीचे सगळे तुमचे. नाही जमला, तर मग आहेच तो."

"न जमायला काय झालं?" असं म्हणून त्यांनी कप खाली ठेवला आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या कुरुळीला बातमी पोचवली.

त्यामुळे सुट्टीच्या दिवशी मोशीजवळच्या एका बंद दगडखाणीत आम्ही पोचलो, तेव्हा कुरुळीचा टेम्पो भरून माणसं आधीच येऊन बसली होती. आप्पा खास धुतलेली टोपी घालून खुर्चीत. यार्डातली आमची पोरंही शिट्ट्या मारायला हजर. मला वाटलं, ही बाई आता हरली तर या वाटेने घरी जाणार कशी?

गाडी भंगारातून आणलेली होती, पण तिला असा काही लाल रंग दिला होता की बघत राहावं. वरून नवरी आणि आतून नुसता सांगाडा. काचा काढलेल्या, चालवणाऱ्याला इजा होऊ नये म्हणून आत लोखंडी पाइपांचा पिंजरा. समोर भिंत. भिंत म्हणजे सिपोरेक्सचे हलके ठोकळे नुसते एकावर एक रचलेले, वरून पातळ गिलावा, आणि त्यावर एका पेंटरने विटा काढलेल्या. गाडी भिंत फोडून पलीकडे जाणार, मग दिव्या आत बसून हसत बाहेर उतरणार, असा बेत होता. जयमालाताईंनी भिंतीला एक हात लावला तर ठोकळा सरकला.

"ही तर शेळीनं ढुशी दिली तरी पडंल," त्या म्हणाल्या.

तेव्हा भीतीचा प्रश्नच नव्हता. बांगड्या काढल्या, दिव्यासारखाच निळा शर्ट घातला, हेल्मेट चढवलं, पट्टा आवळला. कुलदीपने इशारा केला आणि लाल गाडी खाणीच्या त्या टोकाहून धूळ उडवत सुटली. आप्पा खुर्चीतून उठून उभे राहिले. गाडी आली, आली, आणि भिंतीपासून हातभर अंतरावर कचकन थांबली.

आमच्या पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. टेम्पोतल्या माणसांनी केला, आप्पांनी केला, मीसुद्धा केला. एवढ्या वेगात येऊन हातभर अंतरावर, कुठेही न लागता गाडी उभी करायची म्हणजे खायचं काम नाही. टाळ्या थांबल्या तेव्हा लक्षात आलं की कॅमेऱ्यामागची माणसं एकमेकांकडे बघतायत आणि कुलदीप कपाळ चोळतोय.

"ताई, छान," तो म्हणाला. "पण भिंत फोडायची आहे."

"व्हय, म्हाईत हाय मला," जयमालाताई गुरकावल्या.

दुसऱ्या खेपेला गाडी वीतभर अंतरावर थांबली. तिसऱ्या खेपेला तर भिंत आणि गाडी यांच्यात पोळीसुद्धा सरकली नसती. टाळ्या आता कोणी वाजवत नव्हतं. जयमालाताई खाली उतरल्या आणि उजव्या पायाकडे रागाने पाहू लागल्या.

"डोक्याला कळतंय रे, सुजित," त्या मला म्हणाल्या. "पायाला कळत न्हाई. समोर काय दिसलं की दाबतोय ब्रेक. आन् मेल्यांनी रंग बी कसला झ्याक दिलाय."

मला आधी हसू आलं. ज्या पायाचा त्यांना एवढा तोरा, तोच पाय ऐन वेळी दगा देत होता. चिखलात रुतलेली गाडी बाहेर काढता येते, पण बाईच्या पायातली एवढ्या वर्षांची सवय कशी काढणार?

मुंबईचा स्टंटवाला एका कडेला वडापाव खात होता. माणूस सज्जन. मांडीवर विग, मांजर घेऊन बसल्यासारखा. कुलदीप त्याच्याशी हळू आवाजात काही बोलला, तेव्हा त्याने हात पुसले आणि विग झटकला. मग कुलदीप आमच्याकडे आला.

"वाईट वाटून घेऊ नका, ताई. ऊन उतरायला लागलंय, आणि भिंत एकच आहे. आता त्यालाच बसवतो."

जयमालाताई भिंतीकडेच बघत राहिल्या. टेम्पोतल्या बायका दुसरीकडे बघत होत्या. आप्पा खाली बसले आणि त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मला त्या विगचा, त्या दिव्याचा, त्या सगळ्या कार्यक्रमाचाच संताप आला. आमची बाई कुठे उणी होती म्हणून ही वेळ यावी?

जयमालाताई तरातरा चालत भिंतीच्या पलीकडे गेल्या. मी मागोमाग. पलीकडे मोकळी जमीन होती. त्या कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या, मग तिथूनच ओरडल्या, "कुलदीपभाऊ, गाडी लावायची कुठं?"

कुलदीप धावत आला. "कुठेही थांबवा, ताई. भिंत फुटली की झालं."

"कुठंबी? आमी कुठंबी गाडी लावत न्हाई. जागा दाखवा. फक्की हाय का?"

त्यांच्याकडे फक्की होती. मैदानावर खेळाच्या रेघा मारायची तीच पांढरी भुकटी. जयमालाताईंनी स्वतः वाकून पलीकडच्या जमिनीवर चार रेघा मारल्या, यार्डात एका गाडीची जागा आखतात तशा. मग माझ्याकडे वळल्या.

"शिट्टी हाय खिशात?"

शिट्टी माझ्या खिशात सुट्टीलाही असते. ट्रेलरच्या वरच्या मजल्यावर गाडी चढत असते, तेव्हा तिचं तोंड आभाळाकडे असतं. चालवणाऱ्याला पुढचं काही म्हणजे काही दिसत नाही. पुढे उभा राहिलेला माणूस शिट्टी वाजवत राहतो. शिट्टी चालू तोवर गाडी चालू, शिट्टी थांबली की ब्रेक. डोळे सांगत असतात की आता पडलीस, पण तेव्हा डोळ्यांचं ऐकायचं नसतं. हे आम्ही दोघं रोज करत आलो होतो, आणि त्या खाणीत मला ते सुचलं नव्हतं. त्यांना सुचलं.

कुलदीप आधी नको म्हणाला. भिंतीमागे माणूस उभा करणं त्याला परवडणारं नव्हतं. शेवटी मी बाजूच्या उंच दगडावर, गाडीच्या वाटेपासून दूर उभा राहीन, या अटीवर कबूल झाला. स्टंटवाला विग हातात घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "जोरात वाजवा, भाऊ. आत इंजिनाचा आवाज फार असतो."

मी दगडावर चढलो. तिथून मला भिंतीची मागची बाजू दिसत होती, खालच्या चार पांढऱ्या रेघा दिसत होत्या. गाडी दिसत नव्हती. एका बाईला मी भिंतीवर बोलावणार होतो, आणि ती येणार होती.

कुलदीपचा हात खाली आला आणि मी शिट्टी फुंकली. लांब, एका दमात. पलीकडे इंजिन ओरडलं. आवाज जवळ येऊ लागला. मघाशी तीन वेळा ज्या क्षणी ब्रेकची किंकाळी ऐकू आली होती, तो क्षण आला. छाती फुटायला आली तरी मी फुंकत राहिलो. ब्रेक वाजला नाही.

भिंत मधोमध फुटली. ठोकळे उडाले, पांढरा धुरळा उठला आणि त्यातून ते लाल तोंड बाहेर आलं. बॉनेट दुमडलेलं, एक दिवा लोंबत असलेला, बंपर कुठेतरी मागेच राहिलेला. पुढची चाकं फक्कीच्या आत शिरली आणि मी शिट्टी थांबवली. गाडी करकचत पुढच्या रेघेशी उभी राहिली. चारी चाकं फक्कीच्या आत.

मग जो गोंगाट झाला, तो मोशीच्या नव्या इमारतींपर्यंत गेला असणार. बायका टेम्पोतून उड्या टाकून धावल्या. आप्पा टोपी हातात धरून सगळ्यांना ढकलत पुढे आले आणि दिसेल त्याला सांगू लागले, "आमची सून हाय. ट्रॅक्टर मी शिकिवलाय तिला." स्टंटवाल्याने विग पिशवीत कोंबला आणि कुलदीपला म्हणाला, "पुढच्या आठवड्यातली उडीही ताईंनाच द्या. मला ते केस फार चावतात." कुलदीप हसत हसत मान हलवत होता. तो नकार नव्हता, कारण त्याने तिथल्या तिथे जयमालाताईंना पुढच्या चित्रीकरणाचा दिवस सांगितला.

ठरलेलं असं होतं की आता त्यांनी उतरायचं, दिव्याने आत बसायचं. पण दिव्या स्वतःच धावत गेली, गाडीच्या खिडकीत वाकली आणि कॅमेरा चालू आहे हे विसरून तिने विचारलं, "ताई, भिंत समोर येत होती तेव्हा भीती नाही वाटली?"

जयमालाताईंनी हेल्मेट काढलं. केस, भुवया, सगळं पांढरं झालं होतं.

"भीती कसली?" त्या म्हणाल्या. "पलीकडनं आमचा सुजित बोलवत व्हता. त्यानं बोलावलं म्हंजी तिथं रस्ता आसतोच."

कुलदीपने कार्यक्रमात ते जसंच्या तसं ठेवलं. पण मी ते टीव्हीवर नाही, तिथेच ऐकलं, आणि मला रडू कोसळलं. मी त्या दगडावर मटकन बसलो आणि सगळ्यांसमोर रडलो. शिट्टी तोंडातून काढायची राहून गेली होती, त्यामुळे प्रत्येक हुंदक्याला ती वाजत होती, आणि खाली सगळी कुरुळी हसत होती.