कुठी चालले?

माझ्या साडभाऊंना, म्हणजे मेहुणीच्या यजमानांना, चुकवून वर्धा जिल्ह्यात आजवर कोणी शिरलेला नाही आणि कोणी बाहेरही पडलेला नाही. सिंदी मेघेतल्या घराच्या ओट्यावर ते चहाची कपबशी घेऊन बसले, की रस्त्याने जाणाऱ्याची खैर नसते. "कुठी चालले? काऊन? वापस कवा येसान?" दूधवाला असो की तहसीलदार, प्रश्न तेच. आता वाटेतल्या माणसाला 'कुठी चालले' विचारणं ही आमच्याकडची रीतच आहे, पण बाकीचे उत्तर ऐकायला थांबत नाहीत. साडभाऊ थांबतात, आणि संध्याकाळी तो माणूस परतला नाही तर त्याच्या घरी जाऊन चौकशी करतात. स्वतःच्या पोरीच्या लग्नात तर मांडवाच्या दारात उभं राहून त्यांनी साक्षात नवरदेवालाच विचारलं, "आपन कोनाकडून?" माझ्या मेहुणीने कपाळावर हात मारला. यांचं आपलं एकच, "फेट्यात वयखू नाई आला. अन् इचाराले का पैसे लागते?"

हा गृहस्थ मूळचा समुद्रपूरकडचा, वांगी-मिरचीवाल्यांच्या घरचा. लहानपण पिकाची राखण करण्यात गेलं, आणि वर्ध्यात भाजीपाला उत्पादकांच्या संस्थेत नोकरी लागल्यावरही राखणदारी काही सुटली नाही. शीतगृहाच्या बिलांच्या खिडकीवर बसून ते कोबीच्या पोत्यालासुद्धा गाव विचारत. पुढे संस्थेतले संगणक, कॅमेरे, वजनकाटे सगळे एकमेकांना जोडले गेले आणि त्यांच्यावर नजर ठेवायला माणूस हवा झाला, तेव्हा अध्यक्षांनी डोळे मिटून यांचं नाव घेतलं. नागपुरात जाऊन रीतसर शिकून आले. नेटवर्कवरून कोण आलं, कुठे गेलं, कोणाशी बोललं याची जी नोंद आपोआप होत राहते तिला लॉग म्हणतात, हे मला त्यांनीच सांगितलं. मी म्हटलं, "म्हणजे तुमचा ओटाच की!" या उत्तराने ते इतके खूश झाले, की मला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

मग आला क्लाउड. हे सगळे लॉग पुण्याच्या एका कंपनीकडे पाठवायचे, तिथली यंत्रणा ते रात्रंदिवस वाचणार आणि काही काळंबेरं दिसलं की इशारा देणार. वर्षभर चालवून बघू, असं संचालकांनी ठरवलं. साडभाऊंच्या अंगात वारं संचारलं. परदेशातल्या एखाद्या संगणकाचा पत्ता संस्थेचं दार ठोठावून गेला, की ते मला फोन करून घरचा पाहुणा परत गेल्यासारखं सांगत. पण पुण्याहून इशारा म्हणून येईना. महिन्यामागून महिने 'सर्व ठीक'. वर्ष संपत आलं तसे संचालक कुरकुरू लागले. काही सापडतच नाही तर ठेवायचं कशाला? पुढच्या सभेत ही व्यवस्था बंद करायची आणि यांना परत बिलांच्या खिडकीवर बसवायचं, अशी कुजबुज सुरू झाली. साडभाऊंचं जेवण तुटलं. ओट्यावर बसायचे, पण रस्त्याने कोण गेलं तरी हूं नाही की चूं नाही. मेहुणीने मला बोलावून घेतलं. "भाऊजी, यायनं आज दूधवाल्यालेबी काई इचारलं नाई. मले भेव लागून राह्यलं."

मी गेलो तेव्हा ते फोनवरच होते, स्पीकर चालू. पुण्याच्या कंपनीतली मुलगी विचारत होती, "सर, तुमच्याकडून फक्त बाहेरून येणाऱ्यांचेच लॉग येतायत. संस्थेतल्या कॉम्प्युटरचे का पाठवत नाही?"

"ते घरचे हायेत ना मॅडम," साडभाऊ चकित होऊन म्हणाले. "घरच्या मानसाचं गाऱ्हानं परक्यापुढं कोन सांगते?"

तिने हळूच सांगितलं, की चोर एकदा आत शिरला की तो घरच्यासारखाच वावरतो. एका बाजूला आयुष्यभराची राखणदारी, दुसऱ्या बाजूला घरच्यांची अब्रू, असा साडभाऊंना मोठाच पेच पडला. सभेच्या दिवशी सकाळी त्यांनी संस्थेत टेबलाटेबलाशी जाऊन हात जोडले. "आजपासून तुमचंबी नाव बाहेर जाईन भाऊ, राग नोका मानू." आणि घरच्यांचे आतापर्यंतचे सगळे लॉग पुण्याला सोडले.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं, कारण धीर द्यायला म्हणून सभेच्या दाराशी मी बसलो होतो. अध्यक्ष बोलायला उभे राहिले आणि साडभाऊंच्या मोबाइलवर पुण्याहून इशारा आला, तोही लालभडक. संस्थेतलं एक यंत्र गुपचूप कुठल्याशा अनोळखी पत्त्याशी बोलत होतं, बऱ्याच दिवसांपासून. सगळ्यांच्या चेहऱ्यांवर प्रेतकळा आली. एका संचालकाने मोबाइल खिशात ढकलला. हिशेबनीस उगाच खोकले. साडभाऊंनी यंत्राचा नंबर ताडून पाहिला, पुन्हा पाहिला, आणि खुर्चीवरून उडीच मारली.

"सापडला! चोर सापडला! माह्याच लॅपटॉपवर हाय!"

फुकटात खंजेरी भजनं उतरवून देणारं काहीतरी त्यांनी हौसेने लॅपटॉपवर घेतलं होतं, आणि भजनांच्या मागून तो चोर आत येऊन बसला होता. आणखी थोडे दिवस मिळते तर शेतकऱ्यांच्या मालाचे पैसे चुकते करायच्या खात्यापर्यंत पोचला असता. अध्यक्षांनी दरडावून विचारलं, "अन् इतके दिवस काऊन नाई सापडला?"

"काऊन का मी घरचा होतो ना, अध्यक्षभाऊ!" असा विजयी चेहरा मी निवडणूक जिंकलेल्याचाही पाहिला नाही. स्वतःला रंगेहाथ पकडून जग जिंकल्याचा आनंद झालेला हा एकच माणूस. हसता हसता अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी आलं. व्यवस्था कायम झाली, साडभाऊही कायम राहिले, आणि स्वतः पकडले गेल्याबद्दल त्यांनी अख्ख्या संस्थेत वर्ध्याची गोरसपाक बिस्किटं वाटली. संध्याकाळी ओट्यावरून दूधवाल्याला अशी काही हाक गेली, की मेहुणीने देवापुढे साखर ठेवली.

हल्ली मी मुलाकडे पुण्यात असतो. निघायच्या दिवशी साडभाऊ स्टेशनवर आले होते. कुठे चाललो हे ठाऊक असूनही विचारलं, काऊन तेही विचारलं. 'वापस कवा येसान' हा तिसरा प्रश्न मात्र त्यांनी गाडी हलल्यावर विचारला, आणि मी खिडकीतून नुसता हात हलवला. इथली सोसायटी चांगली आहे, फाटकावर कॅमेरे आहेत, माझ्या येण्याजाण्याची नोंद कुठेतरी होतही असेल. पण रोज फिरायला निघालो, की फाटकापाशी माझी पावलं आपोआप मंदावतात. कोणीतरी विचारील म्हणून थोडा थांबतो, आणि मग पुढे जातो.