गाडी कळणारी मुलगी

आमच्या घरात माणसांचे दोनच प्रकार होते. गाडी कळणारी आणि गाडी न कळणारी. ही वाटणी बाबांची. बाबा एसटीत ड्रायव्हर होते आणि नाशिक-हरसूल रस्त्यावर त्यांची सगळी नोकरी गेली. त्यांच्या लेखी डेपो मॅनेजरला गाडी कळत नव्हती, माझ्या दोन्ही मामांना कळत नव्हती, आणि डॉक्टर झालेल्या चुलतभावाला तर गाडीच काय, काहीच कळत नव्हतं. ‘त्याला गाडी कळते’ असं ज्यांच्याबद्दल ते म्हणायचे, अशी माणसं मोजकीच आणि त्यातली बरीचशी आता हयात नाहीत. बारावीनंतर मी ऑटोमोबाइल इंजिनिअरिंगला गेले ते या मोजक्या माणसांत बसायला. विचारणाऱ्यांना मात्र मी ‘या क्षेत्राला भवितव्य आहे’ असं सांगायचे.

कॉलेजात मी इंजिनाच्या पोटात काय चालतं याची समीकरणं सोडवायला शिकले. बॉनेट उघडायचा खटका कुठे असतो, हे अभ्यासक्रमात नव्हतं. आमच्या कॉलनीला याची कल्पना नव्हती. शेजारच्या काकू बंद पडलेली स्कूटी ढकलत आणायच्या आणि म्हणायच्या, “बघ गं, तू शिकतेस ना याचंच.” मी गंभीर चेहऱ्याने वाकून बघायचे आणि सांगायचे, “कार्बन धरलाय.” हे वाक्य कुठल्याही गाडीला चालतं. मग काकू स्कूटी ढकलत कोपऱ्यावरच्या गॅरेजात न्यायच्या. बाबा ओट्यावर बसून हे सगळं बघायचे आणि वर्तमानपत्राचं पान उलटायचे.

पुढे सिन्नरच्या एमआयडीसीत, गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली. काम आवाजांचं. गाडीत काय वाजतं, कुठे वाजतं, का वाजतं, ते शोधायचं. त्यासाठी माइक, सेन्सर आणि संगणकावर उमटणारे रंगीबेरंगी आलेख. नातेवाईक विचारायचे, “म्हणजे नक्की करतेस काय?” मी सांगायचे, “ऐकते.” मुलगी दिवसभर ऐकूनच घेते म्हटल्यावर एका स्थळाची आई फार खूश झाली होती. बाबा एवढंच म्हणाले, “ऐकायला कालेज कशाला लागतं?”

यथावकाश मी गाडी घेतली. लहानशीच, पांढरी. कॉलनीसमोर पूजा झाली, झेंडूची माळ चढली, चाकांखाली लिंबं ठेवली. बाबा म्हणाले, “इंजिनिअर तू, तूच काढ.” मी क्लच सोडला आणि गाडी बंद पडली. दुसऱ्यांदा लिंबं चिरडली, पण तोवर जमलेल्या मंडळींनी एकमेकांकडे बघून घेतलं होतं. त्या आठवड्यात बाबांनीही एकदा गाडी चालवली. गिरणाऱ्यापर्यंत दुसऱ्याच गिअरमध्ये. इंजिन किंचाळत होतं आणि बाबा शांतपणे समोर बघत होते. परत आल्यावर त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. “लहान गाडीत जीव रमत नाय माझा.” मला ते लागलं. माझी गाडी त्यांना खेळण्यातली वाटते, असा मी अर्थ काढला. अर्थ काढण्यात मी पहिल्यापासून हुशार आहे.

मग ती वाजायला लागली. वळणावर, मागून कुठून तरी, टक् आणि मग गडगड. आधी आईने ऐकलं. “अगं, तुझी गाडी काहीतरी बोलतेय.” बाबा म्हणाले, “नवी गाडी हाय, ती कशाला वाजंल?”

ही माझी परीक्षाच होती. आवाजावर पोट भरणाऱ्या बाईच्या स्वतःच्या गाडीत आवाज, आणि शेजारच्या सीटवर असा परीक्षक, जो जुन्या बसचं इंजिन पायाशी तापत असताना कुठला नट सैल झालाय ते सांगायचा. त्याला हा आवाज आलाच असणार. मुद्दाम नाही म्हणतोय, मी काय करते ते बघतोय. हा आवाज मी घालवला की ‘गाडी कळते’ हे वाक्य मला मिळणार, अशी माझी पक्की खात्री झाली.

मी कामाला लागले. सुटीच्या दिवशी मागचे शॉक अॅब्सॉर्बर तपासले. सस्पेन्शनच्या रबरी बुशांवर संशय घेतला. डिकीतला सगळा पसारा काढला, मागच्या सीटच्या फटींत फोम चिकटवला. कंपनीतून परवानगी काढून माइक आणला, तो आईच्या हातात दिला आणि कॉलनीभोवती चकरा मारल्या. वॉचमनने आईला विचारलं, मुलाखत कुणाची आहे? आलेखावर एक सुंदर तांबडा डोंगर उठला. मी तो बाबांना दाखवला आणि कंपनं कशी वाढत जातात ते समजावून सांगितलं. ते मान हलवत राहिले. त्या काळात ते माझ्या बोलण्याला नुसतीच मान हलवायचे. टीव्हीही इतका मोठा लावायचे की माझं बोलणं तसंच विरून जायचं. निवृत्त माणूस पोरांचं ऐकत नाही, असं सगळेच म्हणतात.

शेवटी पूर्ण अॅक्सलचे बोल्ट नव्याने आवळून घेतले आणि रविवारी सकाळी तिघं हरसूलच्या रस्त्याला लागलो. त्यांचा रस्ता. शेवटची परीक्षा तिथेच, असं मीच ठरवलं होतं. सरळ रस्त्यावर गाडी गप्प होती. वाघेऱ्याच्या घाटात पहिलं वळण आलं आणि मागून आलं, टक्, गडगड. नेहमीपेक्षा मोठं.

बाबा बाहेर बघत होते. दुसऱ्या वळणावर पुन्हा गडगडलं. त्यांनी माझ्याकडे वळून हसून म्हटलं, “गेला बघ आवाज. तुला गाडी कळते, बाई.”

इतकी वर्षं ज्या वाक्यासाठी मी झुरले, ते हेच. मी आरशात बघितलं. आई माझ्याकडेच बघत होती आणि तिने हळूच मान हलवून नाही म्हटलं. काय नाही, ते मला कळलं नाही. मी गाडी कडेला घेतली. “जरा बघते,” म्हणाले.

या वेळी मी डिकीतला गालिचाही उचलला. तोपर्यंत कधीच उचलला नव्हता, कारण गाडी ताब्यात घेताना स्टेपनी घट्ट बसलेली मी स्वतः पाहिली होती. स्टेपनीच्या खळग्यात पूजेचा नारळ होता. त्याचं लाल फडकं सुटून बाजूला पडलं होतं.

“अगंबाई,” आई म्हणाली. “मीच ठेवला होता. पूजेचा नारळ गाडीतच राहू द्यावा. तुला आवडायचं नाही म्हणून खाली ठेवला.” आणि स्वतःच ठेवलेल्या नारळाबद्दल तीच इतके दिवस माइक धरून तक्रार करत होती. मी हसायला लागले. सस्पेन्शन, बुश, तांबडा डोंगर, सगळं एका नारळाचं.

बाबाही उतरून आले. त्यांनी नारळ उचलला, शेंडी धरून कानाशी नेला आणि हलवला, सगळेच हलवतात तसा. मग दुसऱ्या कानाशी नेऊन हलवला.

“वाळलाय हा,” ते म्हणाले. “पाणी नाय यात.”

मी डिकीच्या पलीकडच्या बाजूला उभी होते. तिथे मला पाणी डुचमळलेलं स्वच्छ ऐकू आलं होतं, दोन्ही वेळा. दुसऱ्या गिअरमध्ये किंचाळणारं इंजिन, मोठा टीव्ही, परत दिलेली किल्ली. सगळ्यांचे अर्थ मी काढून ठेवले होते आणि सगळे चुकीचे होते.

आईने पुढे होऊन नारळ हातात घेतला. तिच्या हातातही तो वाजला.

“हो, वाळलाच आहे,” ती म्हणाली, आणि पदरात गुंडाळून मागच्या सीटवर जाऊन बसली.

घाट उतरताना गाडीत कुठलाच आवाज नव्हता. बाबा खुशीत होते. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, “कळते तुला गाडी.”

“हो, बाबा,” मी म्हणाले, आणि त्यांना ऐकू जावं म्हणून पुन्हा एकदा मोठ्याने म्हणाले.