खोटा हात

बाबांचं ते रस्ता दाखवायचं यंत्र अजून माझ्या कपाटात आहे, साड्यांच्या खाली. तळहातात मावेल एवढं. मागं गाडीच्या काचेला चिकटवायची रबरी वाटी, आणि पडद्याच्या कोपऱ्यात घराचं छोटंसं चित्र. त्या चित्रावर बोट ठेवलं की तुम्ही कुठंही असा, ते तुम्हाला घरी आणून सोडतं, असं त्याच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं. खोकं मी जाळलं. यंत्र मात्र टाकवत नाही.

बाबा भिलाईच्या प्लांटमध्ये क्रेन चालवायचे. उंच छताखालच्या केबिनमध्ये बसायचं आणि उकळत्या पोलादानं भरलेली भलीमोठी बादली इकडून तिकडं न्यायची, हे त्यांचं काम. वरून खालचं धड दिसत नाही. म्हणून खाली एक माणूस उभा असतो, त्याला खलासी म्हणतात. तो हातानं खुणा करतो, उचल, थांब, डावीकडं, हळू. क्रेनवाल्यानं आपली अक्कल पाजळायची नाही, त्या हाताकडं बघायचं. बाबांनी जन्मभर तेच केलं, आणि घरीही त्यांचा स्वभाव तसाच. डॉक्टर, पंचांग, रेल्वेचं टाइमटेबल, जो कोणी ठामपणे हात दाखवेल त्याचं ऐकायचं.

ते रिटायर झाले तेव्हा खात्यातल्या लोकांनी मिळून त्यांना हे यंत्र दिलं. एरवी भिंतीवरचं घड्याळ नाहीतर सूटकेस देतात. पण बाबांनी नुकतीच एक जुनी गाडी घेतली होती, काटोलकडं आमच्या गावाला जायला. आईनं यंत्र उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाली, "बाप्पा! आता रस्ता विचाराले माणसंबी नको का तुमाले?"

"आधी त्याले घर कुठं हाय ते सांगा लागते," बाबा म्हणाले. त्याच संध्याकाळी क्वार्टरच्या पडवीत उभं राहून, चष्मा कपाळावर चढवून, त्यांनी त्या घराच्या चित्रात आमचं क्वार्टर भरलं. सडक अकरा, सात-बी. मग आवाज निवडायचा होता, बाईचा की बाप्याचा, तर बाईचा निवडला, हिंदीतला. पायी चालायचं असेल तर तशीही सोय होती. गेलो त्या वाटेवर ते निळे ठिपके टाकत जायचं आणि ते ठिपके जपून ठेवायचं. आई म्हणाली, नवऱ्यावर पाळत ठेवायला बरंय. त्यावर आम्ही तिघं किती हसलो होतो!

चार महिन्यांत आई गेली. सकाळी त्याच क्वार्टरच्या स्वयंपाकघरात, पोहे भिजवता भिजवता. आणि रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडावंच लागतं, त्याला कोणाचा इलाज नाही. भिलाईतच, रिसालीला आमचं घर बांधून तयार होतं, आईनं टाईल्सचा रंगसुद्धा निवडला होता, पण तिचा पाय त्या घराला लागला नाही. मी तेव्हा माहेरीच होते. नवऱ्याशी पटलं नाही, एवढंच, जास्त विचारू नका. मी शाळेत शिकवायचे. तर मी आणि बाबा, आम्ही दोघंच रिसालीला आलो.

यंत्रातलं घर मात्र बदललं नव्हतं. मी म्हटलं होतं, "बाबा, ते चित्र आता इथलं करायचं ना?" तर म्हणाले, "राहू दे वं. कावून घाई करून राहिली?" मला वाटलं, राहू दे. इथून तिथं जायला यंत्र कशाला लागतंय?

दोन वर्षांनी त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग दूध आणलं की नाही, मग मी कोण. गाडी चौकातल्या खांबाला घासून आणली तेव्हा मी गाडी विकून टाकली. पण काचेवरचं यंत्र त्यांनी आधीच काढून घेतलं होतं. रोज टीव्हीजवळच्या प्लगला ते चार्जिंगला लावायचं कधी विसरले नाहीत. अख्खी दुनिया विसरले, पण ते नाही.

आणि मग एका दुपारी ते यंत्र हातात धरून निघाले. घराच्या चित्रावर बोट ठेवलं. बाईनं सांगितलं तसं चालत गेले, वाटेत तिला "हो बाई, हो बाई" करत. पाऊण तासात सात-बीच्या दारात. आमच्यानंतर तिथं एक छत्तीसगढी जोडपं राहायला आलं होतं. त्यातल्या पोरीकडं माझा नंबर होता, तिचा मला शाळेत फोन आला, "दीदी, बबा आए हे. चाय पियत हे. झन घबरा." घाबरू नको म्हणे! मी वर्ग सोडून धावले. बघते तर बाबा पडवीत खुर्चीवर बसलेले, बशीत ओतून चहा पिताहेत, चेहऱ्यावर असं समाधान की मला रडू फुटलं.

मग ते आठवड्यातून दोन-तीनदा व्हायला लागलं. ती पोरगी सोन्यासारखी होती, कधी कपाळाला आठी नाही. बाबांसाठी तिनं एक कप वेगळाच ठेवला होता. ते जायचे, चहा प्यायचे, ती फोन करायची, मी रिक्षानं घेऊन यायचे. इतकंच चाललं होतं. आता वाटतं, काय बिघडत होतं त्यात? काय बिघडत होतं, सांगा ना!

पण मला लाज वाटायची. खरं सांगते, काळजी नंतर, लाज आधी. एक दिवस आणायला गेले तर बाबा तिच्याकडं वरणभात जेवत होते, आणि ती चाचरत म्हणाली, "दीदी, बबा कहत रिहिन, बेटी खाना नहीं देती." शेजारची बाई कुंपणावरून ऐकत उभी. सकाळी पाचला उठून, यांच्यासाठी पातळ भाकरी करून, भाजी बोटानं कुस्करून ठेवून मी शाळेत गेले होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रिक्षात बाबांना नको नको ते बोलले. "तुमाले लाज नाही वाटत? लोकाच्या दारात जाऊन जेवता?" ते खाली मान घालून यंत्राकडं बघत राहिले.

घरी आल्यावर ते झोपले, आणि मी प्लगजवळ बसून यंत्र उघडलं. खटपट करावी लागली. शेवटी सापडलं. 'घर बदलें?' त्यानं विचारलं. मी 'हाँ' केलं आणि रिसालीचं घर भरलं. माझी मीच पाठ थोपटून घेतली. आता कुठंही जाऊ देत, चित्रावर बोट ठेवलं की यंत्र त्यांना कान धरून माझ्याच दारात आणेल! अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ती मी.

पहिल्यांदा झालंही तसंच. बाबा बाहेर पडले, जवळच्या पाण्याच्या टाकीपाशी जाऊन बोट दाबलं आणि दहा मिनिटांत परत फाटकाशी. यंत्रातली बाई म्हणाली, "आप घर पहुँच गए हैं." मी हसत फाटक उघडलं. "आले का? पाहा, आलं घर." बाबांनी घराकडं पाहिलं, यंत्राकडं पाहिलं, मग माझ्याकडं. तोंड एवढंसं झालं होतं. जेवताना अचानक म्हणाले, "खलाशानं खोटा हात दाखवला."

"कोणता खलासी, बाबा?"

"एकदा खोटा हात दाखवला ना, तर त्या माणसाच्या हातावर मंग लोड नाही उचलाचा. क्रेन बंद कराची, खाली उतराचं, अन् आपल्या पायानं जाऊन पाह्याचं."

किती दिवसांनी ते इतकं धड, सलग बोलले होते. मला कौतुक वाटलं. शाळेत जाऊन मैत्रिणींना सांगितलं, आमच्या बाबांना अजून प्लांट कसं आठवतं बघा. बोलले काय, ते कोणाच्या टाळक्यात शिरलं? माझ्या नाही.

मग नवतपा लागला. मे महिन्याअखेरचे ते नऊ दिवस, दुपारी कुत्रंही रस्त्यावर दिसत नाही. शाळेला सुट्टी होती. बाबा जेवले, आडवे झाले. मी खोलीत कूलर लावून पडले. फाटकाला कुलूप घातलं नाही, नुसती कडी. कुलूप कशाला? यंत्र होतं ना माझं, राखणदार!

पाचला उठले तर बाबांची खाट रिकामी. फाटकाच्या खांबावर ते यंत्र ठेवलेलं होतं. पडलेलं नाही, फेकलेलं नाही, नीट मधोमध ठेवलेलं. उन्हानं इतकं तापलं होतं की हात पोळला.

मी आधी त्या पोरीला फोन केला. माझी खात्रीच होती की तिथंच असतील. त्या दिवशी त्यांनी तिच्याकडं पातेलंभर भात खाल्ला असता तरी मी तिचे पाय धरले असते. ती म्हणाली, "नहीं दीदी, बबा तो नहीं आए. मैं तो खुद सोच रही थी, बहुत दिन हो गए." फोन ठेवला आणि तशीच अनवाणी बाहेर धावले.

शोधलं. ठाण्यात गेले, दवाखाने पाहिले, चरोद्याला स्टेशनवर जाऊन प्रत्येक बाकड्यावरचा म्हातारा पाहिला, की गावाच्या गाडीत बसायला गेले असतील. ती पोरगी आणि तिचा नवरा स्कूटरवर सगळा सेक्टर फिरले, एकेका सडकेवर. सात-बीच्या आसपास कोणी त्यांना पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सापडले. भिलाईच्या बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर पटत नाही, पण इथं प्रत्येक सेक्टरात सडक अकरा असते, आणि प्रत्येक सडक अकरावर सात-बी असतं. तेच दोन खोल्यांचं क्वार्टर, तीच पडवी, तीच मोरी, तीच हिरवी दारं. लहानपणी आम्ही पोरं खेळता खेळता दुसऱ्याच्या क्वार्टरात शिरून पाणी मागायचो आणि मग जीभ चावायचो. बाबा यंत्र खांबावर ठेवून आपल्या पायानं निघाले होते. सडक अकरा शोधली. सात-बी शोधलं. नंबर बरोब्बर काढला. सेक्टर चुकला. त्या भागातली क्वार्टरं केव्हाच रिकामी झालेली, माणूसकाणूस नाही. शेळ्या चारणाऱ्या एका बाईला दिसलं, की पडक्या क्वार्टरच्या दाराशी चपलांचा जोड नीट जुळवून ठेवलाय. म्हणून ती आत डोकावली.

स्वयंपाकघरात, ओट्याच्या भिंतीला पाठ टेकून बसले होते. आमच्या क्वार्टरात जिथं आई पाट टाकून बसायची, तिथं. डॉक्टर म्हणाले, उन्हानं गेले, पाण्यावाचून. पहिल्या दिवशी गेले की दुसऱ्या, ते मी विचारलं नाही. माझी छाती झाली नाही.

दहाव्याला ती पोरगी आली होती. मी तिला सांगितलं, मी यंत्रातलं घर बदललं होतं. ती माझा हात धरून बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "हम तो दिन भर घर में ही थे, दीदी." तिनं टोमणा मारला नव्हता, पण तो मला आयुष्यभर पुरेल.

लोक म्हणतात, तू भल्यासाठीच केलंस. हो, केलं भल्यासाठी. पण कोणाच्या भल्यासाठी? चहाच्या एका कपापायी माझी इज्जत जात होती म्हणून केलं मी. त्यांना खोटा हात दाखवला, आणि ज्या माणसानं जन्मभर हात पाहूनच पाऊल उचललं, त्याला मी उन्हात एकटं पाठवलं.

पावसाळ्यात एकदा मी ते यंत्र प्लगला लावलं. का लावलं, माहीत नाही. नकाशा उघडला आणि त्या दिवसाचे निळे ठिपके दिसले. मी ते विसरूनच गेले होते. ठिपके आमच्या फाटकातून निघतात, पाण्याच्या टाकीपर्यंत जातात, आणि तिथून परत फाटकाशी येतात. मग पुन्हा टाकी, पुन्हा फाटक. वेळही लिहिलेली असते त्यात. दोन वाजून गेल्यापासून साडेतीनपर्यंत, चार वेळा.

चार वेळा त्यांनी रस्ता विचारला, त्या उन्हात, आणि चारही वेळा ती बाई त्यांना फाटकाशी आणून म्हणाली असणार, "आप घर पहुँच गए हैं." आत दहा पावलांवर मी कूलर लावून झोपले होते. कूलरचा आवाज फार. त्यांनी फाटकातून हाक मारली असेल का, हे ठिपक्यांत लिहिलेलं नाही.