जाते म्हणायचं राहून गेलं

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवते. सोसायटीत कुणी भुताखेतांचं रंगवून सांगायला लागलं की सगळ्यांत आधी मीच टर उडवते. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच चीड येतेय... पण लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

उदारीकरणाचे दिवस होते. दिल्लीत, मयूर विहारमधले आमचे शेजारी हप्त्यांवर चकचकीत छोट्या गाड्या घेत होते. आमच्याकडे मात्र आजोबांनी एका इंग्रज साहेबाकडून घेतलेली काळी गाडी. केंद्र सरकारच्या नोकरीतून रिटायर झालेले बाबा तिला पोटच्या पोरीसारखं जपत. सुटे भाग मिळणं केव्हाच बंद झालेलं. मग काश्मिरी गेटला लेथवर एखादा पार्ट घडवून घे, दुसऱ्याच गाडीचा पंप ठोकूनठाकून बसव — असं करत ती टिकली. पण बाबांचा गुडघा गेला, क्लच दाबवेना. त्यात सोसायटीने फ्लॅटमागे एकच पार्किंग ठरवलं, आणि माझी नवी गाडी बुक झालेली. शेवटी गुडगावच्या एका प्रॉपर्टी डीलरने लग्नांसाठी भाड्याने द्यायला ती मागितली. आधी चार दिवस चालवून बघतो, म्हणाला.

मी पोचवायला निघाले तेव्हा बाबा म्हणाले, "तिथून निघताना तिला 'जाते' म्हण. 'येते' म्हणू नकोस. उगाच वाट बघत बसेल."

मला हसूच आलं. दिल्लीच्या हिंदीत वाढलेली मी लहानपणी घरातून निघताना "जाते" म्हटलं की दटावणारे हेच बाबा. तसं म्हणू नये, "येते" म्हणावं. ते इतकं अंगवळणी पडलं होतं की गुडगावला चावी देऊन बॉनेटवर हात ठेवला आणि तोंडून निघालं ते, "येते गं." जीभ चावली आणि बस पकडली.

त्याच आठवड्यात डीलरचा फोन. गाडी सुरूच होत नाही, मेकॅनिक थकले. आज घेऊन जा, नाहीतर कबाड्याला तोडायला देतो. मोडीत काढायला का इतकी वर्षं जगवली तिला, एवढंच बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा मला बघवेना.

भर दुपारी पोचले. अर्धवट बांधलेल्या इमारती, नुसती धूळ, मेकॅनिक जेवायला गेलेला. आत बसले, चावी फिरवली, स्टार्टर ओढला — पहिल्या झटक्यात सुरू! डीलर बघतच राहिला. मी थांबलेच नाही. धौला कुआँ, रिंग रोड, यमुनेचा पूल... एकदाही अडखळली नाही.

घरी येऊन चहा टाकला, तर फोन. तोच मेकॅनिक.

"मॅडम, गाड़ी टो करके ले गईं क्या?"

"चलाके लाई हूँ. क्यों?"

"मज़ाक मत कीजिए. रोटर तो मेरी जेब में है. सुबह निकाला था."

रोटर म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाखालचा लहानसा तुकडा. तो नसेल तर ठिणगी प्लगपर्यंत जातच नाही, इंजिन सुरू होणं शक्यच नाही. बाबा लंगडत खाली आले, टोपण उघडलं. जागा रिकामी होती. मी स्वतः पाहिली.

"निघताना तू तिला काय म्हणाली होतीस?" बाबांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी टोपण हलकेच परत लावलं. डोळे भरले होते.

मेकॅनिकने नंतर रोटर आणून दिला. बाबांनी तो खिशात टाकला. पुढे बसवला की नाही, मी विचारलं नाही. गाडी त्यांनी विकली नाही. माझीच नवी गाडी रस्त्यावर उभी राहू लागली.

आता बाबा नाहीत. इंजिनिअर भाऊ म्हणतो, यार, तुझी काहीतरी गफलत झाली असेल. असेलही... गाडी अजून चालते, रविवारी मीच काढते. सर्व्हिसिंगला मात्र मेकॅनिकच्या डोक्यावर उभी असते. बाकी हवं ते खोल म्हणते, त्या टोपणाला हात लावू नको. आत रोटर असला तर ठीकच आहे. नसला, तर मला ती पुन्हा चालवता येणार नाही.